हौसेचें मोल आणि काटकसरीची जागा

“हौसेला मोल नाहीं” ही म्हण आपल्याकडे दोन अगदीं भिन्न प्रसंगीं ऐकूं येते. एखाद्यानें ऐपतीबाहेर खर्च केला म्हणजे शेजारीपाजारी ती उपहासानें उच्चारतात. आणि ज्यानें खर्च केला तो तीच म्हण आपल्या समर्थनार्थ पुढें करतो. एकाच्या लेखीं हौस कवडीमोल, दुसऱ्याच्या लेखीं अनमोल. आमच्या मतें दोघेही एक गोष्ट विसरतात. हौसेला मोल असतेंच आणि तें कोणाला तरी मोजावेंच लागतें. मात्र मोजणारा हा हौस करणाराच असतो असें नाहीं. हा विचार नीतिशास्त्राच्या वर्गांत शोभण्याजोगा खरा. परंतु तो आम्हांस अलीकडे सुचला तो एक लहान मोटारगाडी बुटकी करण्याच्या खटाटोपावरून.

बारामती व इंदापूर हे तालुके आतां मोटारीस नवखे राहिलेले नाहींत. उसाचा पैसा, औद्योगिक वसाहतींतल्या नोकऱ्या आणि सुधारलेले हमरस्ते यांमुळें लहान मोटार येथील मध्यम स्थितीच्या कुटुंबांच्या आटोक्यांत आली आहे. इंदापूर तालुक्यांतील वालचंदनगर ज्यांच्या नांवानें ओळखलें जातें, त्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, तेव्हां घरीं मोटार येणें हाच सोहळा होता. आजच्या तरुणास नुसती मोटार येऊन समाधान होत नाहीं. चाक आणि त्यावरील कमान यांमधली मोकळी जागा त्याच्या डोळ्यांस खुपते. गाडीचें अंग रस्त्याशीं सलगी करून चालावें अशी त्याची इच्छा असते. याला तो “गाडी लो करणें” असें म्हणतो.

या हौसेस आम्ही हसत नाहीं. पोळ्याला बैलांचीं शिंगें रंगविणारा आणि झुली घालणारा शेतकरी ज्या वृत्तीनें तें करतो तीच ही वृत्ती होय. शिवाय बुटक्या गाडीचें देखणेपण अगदींच निराधार नाहीं. शर्यतीच्या मोटारी खुज्या असतात, कारण भार जितका जमिनीजवळ तितका वळणावर तो एका बाजूस कमी कलंडतो. म्हणजे हें सौंदर्य मूळचें एका गुणाची सावली आहे. अडचण तेथूनच सुरू होते. कारण सावली पुष्कळ स्वस्त मिळते, आणि गुण महाग असतो.

आमचा एक माजी विद्यार्थी इंदापूर तालुक्यांतल्या एका खेड्यांत राहतो व बारामतीस नोकरीला येतो. त्यानें जुनी विकत घेतलेली स्विफ्ट गाडी आहे, आणि तिच्या हौसेसाठीं बाजूला ठेवलेली बेताची रक्कम आहे. त्यानें तीन मार्ग आमच्यापुढें मांडले आणि विचारलें, “सर, तुम्ही तर विवेकावर व्याख्यानें देतां, यांतलें काय घ्यावें?” पहिला मार्ग मूळच्या स्प्रिंगचा एकेक वेढा कापून टाकण्याचा, त्याला मजुरीपलीकडे खर्च नाहीं. दुसरा, कारखान्यांत तयार झालेल्या आंखूड स्प्रिंग बसविण्याचा. तिसरा कॉइलओव्हर नांवाच्या जोडणीचा, जिच्यांत गाडीची उंची हवी तशी कमीजास्त करतां येते. त्याला त्याचे दोन पगार पुरते ना. आम्ही यंत्रशास्त्राचे पंडित नव्हे. पण अभियांत्रिकी शिकविणारे एक स्नेही आहेत. त्यांच्याकडे दोन संध्याकाळीं बसून जें समजलें तें येथें सांगतों, कारण त्यावांचून पुढचा विचार हवेंत राहील.

स्प्रिंग गाडीचा भार पेलते. शॉकअप तिचें हेलकावणें थांबवितो. ही जोडी एकमेकांच्या मापाची असावी लागते. सहा वेढे काम करीत असलेल्या स्प्रिंगचा एक कापला तर ती सहास पांच या प्रमाणांत, म्हणजे शेंकडा वीस, अधिक कडक होते. शॉकअप मात्र जुन्याच मापाचा राहतो. अंतर कमी झाल्यामुळें खड्ड्यांत गाडी लवकरच रबराच्या ठोकळ्यावर आदळते. उलट चाक खोल लोंबकळलें तर आंखूड झालेली स्प्रिंग आपल्या बैठकींतून सुटूं शकते. ती गॅसच्या ज्योतीनें कापली असेल तर उष्णतेनें पोलादाचें पाणीही उतरतें. हा मार्ग स्वस्त नसून उधार आहे, आणि ती उधारी एखाद्या वळणावर एकदम वसूल होते.

तयार आंखूड स्प्रिंग अधिक प्रामाणिक खरी. गाडी पंचवीस-तीस मिलिमीटरच खालीं घ्यावयाची आणि शॉकअप धडधाकट असतील तर तिचें निभतें. जुन्या गाडीचे शॉकअप बहुधा थकलेले असतात. नव्या कडक स्प्रिंगचा भार त्या थकलेल्यांवर घालणें म्हणजे म्हाताऱ्या बैलाला नवी गाडी जुंपणें. कॉइलओव्हर उत्तम असेल तर उत्तमच. पण उत्तम नांवाचें स्वस्त कॉइलओव्हर आपल्या चिखलांत व पावसांत गंजतें आणि गळतें. लहान मोटारीवर भारी किंमतीचें घालावें तर नाकापेक्षां मोती जड.

सर्वांत चमत्कारिक गोष्ट आम्हांस शेवटीं कळली. लहान मोटारींत पुढच्या चाकांस जी मॅकफर्सन पद्धतीची मांडणी सामान्यतः असते, तिच्यांत गाडी फार खालीं आणली म्हणजे खालचे दांडे चाकाकडे वर चढते होतात. आणि ज्या बिंदूभोंवतीं गाडी कलते तो बिंदु गाडीच्या भारापेक्षांही अधिक खालीं जातो. परिणामीं कलंडण्याची तरफ लांबते. म्हणजे जी गाडी वळणावर पक्की आहे असें दिसतें, ती पूर्वीपेक्षां कच्ची झालेली असूं शकते.

रस्त्याचाही विचार केला पाहिजे. स्विफ्टचें पोट जमिनीपासून सुमारें १६३ मिलिमीटर उंच. त्यांतून चाळीस काढले तर १२३ राहतात, आणि मागें तीन माणसें बसलीं म्हणजे त्याहूनही कमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शनाप्रमाणें गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. पाटस-बारामती-इंदापूर या पालखीमार्गावरून खेड्याकडे वळलें कीं गांवकऱ्यांनीं स्वतःच्या जिवाच्या काळजीनें घातलेले गतिरोधक लागतात, आणि त्यांनीं तें मार्गदर्शन वाचलेलें नसतें. काळ्या जमिनीवरचे रस्ते पावसानंतर खचतात. हंगामांत उसाच्या दोन दोन ट्रॉल्या त्यांना चाकोऱ्या पाडतात.

ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्रांत मोठ्या खर्चाच्या सद्गुणाचा विचार करतांना दोन दोष दाखविले आहेत. एक नको तेथें झगमगाट करणाऱ्याचा. दुसरा क्षुद्र मनाच्या माणसाचा, जो मोठी रक्कम खर्चून शेवटीं एका किरकोळ बचतीपायीं सगळ्या कामाची शोभा घालवितो. आम्हांस नेहमीं वाटत असे कीं हे दोन वेगळे इसम आहेत. वेढा कापलेल्या गाडींत ते एकाच आसनावर बसलेले दिसतात: दिखाव्यासाठीं खर्च करणारा तोच, आणि ज्यावर जीव टांगलेला आहे तेथें काटकसर करणाराही तोच.

आणि मोल कोण मोजतो? पुढें बसलेल्या तरुणास कडक गाडीचे धक्के मर्दानी वाटतात. मागें बसणाऱ्यास निवड करतां आलेली नसते. आमच्या विद्यार्थ्याच्या आजीच्या मणक्याला त्रास आहे. तिला दर महिन्यास त्याच गाडींतून बारामतीस दवाखान्यांत आणतात. मुलाचा बेत ऐकून वडील फक्त एवढेंच म्हणाले, “आरं, मागं तुझी आजी बसती. तिला इचारलंस का?” आमच्या सबंध तासाच्या व्याख्यानांत इतका नेमका प्रश्न आलेला नव्हता. समोरून दुचाकीवर येणाऱ्या माणसाला तर कोणी विचारूंही शकत नाहीं.

कायद्याची भाषा मात्र सरसकट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, कारखान्यानें ठरविलेल्या मूळ स्वरूपाशीं नोंदणीचा तपशील जुळणार नाहीं असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. आणि जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें हें कलम कडकपणें वाचलें. काळजीनें केलेले पंचवीस मिलिमीटर आणि ज्योतीनें कापलेला वेढा यांच्यांत असा नियम फारसा भेद करीत नाहीं, हें आम्हांस खटकतें. तरी बारामतीच्या परिवहन कार्यालयास आणि विमा कंपनीस आधीं विचारावें असेंच आम्ही सांगितलें. तपासणीच्या दिवशीं जुन्या स्प्रिंग परत बसवून न्यावयाच्या हा जो तोडगा मित्रमंडळी सुचवितात, तो ज्याला सुचवावा लागतो त्यानें आपल्या हौसेविषयीं पुन्हा विचार करावा.

आमच्या भागांतल्या शेतकऱ्यानें हा प्रश्न आपल्यापुरता केव्हांच सोडविला आहे. त्याचा शर्यतीचा छकडा निराळा असतो: हलका, आंखूड, वेगासाठींच घडविलेला. जत्रेस बायकापोरांना नेणारी गाडी निराळी. छकड्यावर आजीला बसवावें असें कोणाच्या मनांत येत नाहीं, आणि घरच्या गाडीचा आंस तासून तिला छकड्याचें रूप द्यावें असेंही येत नाहीं. ज्याच्याजवळ एकच गाडी आहे त्याला मात्र दोन्ही इच्छा तिच्याच अंगावर लादाव्या लागतात, आणि मध्यमवर्गाची बहुतेक दुःखें याच जातीचीं असतात.

विद्यार्थ्यानें अखेर रक्कम कशी वांटली तें सांगतों. चारही शॉकअप नवे, पण मूळ मापाचेच, घेतले. झिजलेले रबरी बुश बदलले. दोन टायर नवे घातले आणि चाकांची अलाइनमेंट करून घेतली. त्यांत बहुतेक पैसे संपले. आंखूड स्प्रिंगचा विचार परवानगी मिळेल तर पुढच्या वर्षीं. गाडी आतां वळणावर पूर्वीसारखी डुलत नाहीं, आणि आजी मागें डुलकी घेते असें तो सांगतो. चाकावरची मोकळी जागा होती तेवढीच आहे. मित्र विचारतात, “गाडीला काय काय केलंस?” तो यादी सांगूं लागतो; ते चाकाकडे पाहतात आणि विषय बदलतात.