बघवत नाही म्हणून

गुरुवारी रात्री कॉल संपवून उठले, तेव्हा एका नियॉन टेट्राच्या तोंडाभोवती पांढुरकं काहीतरी दिसलं. सकाळी आणखी तिघांच्या तोंडावर तेच. कल्ले भरभर हलत होते. टँकमध्ये आठ नियॉन होते आणि एक गुरामी. साठ लिटरचा टँक, पुण्यातल्या माझ्या वन बीएचकेमध्ये टीव्हीच्या जागी ठेवलेला.

पांढरं म्हणजे ‘इक’, एवढं मला ऐकून माहीत होतं. इकवर उपाय म्हणजे पाणी गरम करायचं आणि औषध घालायचं. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, “ताई, फंगस असेल नाहीतर इक असेल. निळी बाटली घेऊन जा, दोन्हीवर चालते.” मी बाटली आणली, झाकण भरून ओतली, हीटर तीसवर नेला आणि लॅपटॉप उघडला. खरं सांगायचं तर त्या क्षणी खूप बरं वाटलं. आपण काहीतरी केलं होतं.

रविवारी संध्याकाळपर्यंत आठपैकी सहा नियॉन मेले.

आमच्याकडे प्रॉडक्शनवर काही कोसळलं की नंतर पोस्टमॉर्टेम लिहितात. कोणाला दोष द्यायचा नाही, फक्त काय झालं ते क्रमाने मांडायचं. मी माझ्यासाठी तसं लिहायला बसले आणि लिहिता लिहिता लक्षात आलं, की दोष न देता हे लिहिताच येत नाही.

काय झालं होतं ते सांगते. इक हा एकपेशीय परजीवी आहे. त्याचे ठिपके सुटे सुटे दिसतात, अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे. तो माशाच्या त्वचेखाली बसतो, तिथे औषध पोहोचत नाही. पोसला की गळून तळाशी जातो, कवच करतो आणि त्या कवचातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. नवा मासा शोधायला त्यांच्याकडे एक-दोन दिवस असतात आणि औषध लागू पडतं ते याच टप्प्यात. पाणी गरम केलं की हे चक्र लवकर फिरतं आणि परजीवी लवकर उघड्यावर येतो. म्हणून इकवर उष्णता हा चांगला उपाय आहे.

पण माझ्या नियॉनच्या तोंडावर मिठाचे दाणे नव्हते, करडट पांढरा, कापसासारखा थर होता. तो कॉलमनारिस होता. दिसतो बुरशीसारखा, पण हा जिवाणूंचा रोग आहे, आणि उबदार पाण्यात तो जास्त वेगाने पसरतो. त्यात गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी विरघळतो. म्हणजे एका रोगाचा उपाय मी दुसऱ्या रोगाला खाऊ म्हणून दिला होता.

एवढ्यावर ते संपत नाही. रविवारी मी पहिल्यांदा अमोनियाची टेस्ट केली. नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते हिरवं झालं. आठवडाभर आधी मी फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून स्वच्छ, अगदी चकचकीत धुतला होता. त्या स्पंजमध्ये उपयोगी बॅक्टेरियांची वस्ती असते. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून होणारा अमोनिया ते आधी नायट्राइटमध्ये आणि मग बऱ्याच निरुपद्रवी नायट्रेटमध्ये बदलतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मी ती वस्ती मारली होती आणि वाचलेल्यांवर निळी बाटली ओतली होती. मासे आधी स्वतःच्याच विषात आठवडाभर पोहत होते. रोग त्यांना नंतर झाला.

टेस्ट किट कपाटात होतं. सील फोडलेलं नव्हतं.

मित्रमैत्रिणी म्हणाले, “सोड ना, तुझा हेतू तर चांगला होता.” हे वाक्य मला तेव्हापासून खटकतंय. विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने 1877 साली एका निबंधात जहाजमालकाची गोष्ट सांगितली होती. जहाज जुनं आहे, दुरुस्तीला आलंय, हे मालकाला माहीत असतं. पण तो मनातल्या शंका बाजूला सारतो, जहाज नीट आहे असं स्वतःला पटवतो आणि अगदी प्रामाणिक विश्वासाने प्रवाशांना निरोप देतो. जहाज बुडतं. क्लिफर्डचं म्हणणं असं, की त्याचा विश्वास प्रामाणिक असला तरी तो दोषी आहे, कारण समोर असलेल्या पुराव्यावरून तसा विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता. जहाज सुखरूप पोहोचलं असतं तरीही तो तेवढाच दोषी.

तुम्ही म्हणाल, जहाजमालकाचा त्यात फायदा होता, तुझा काय फायदा? त्यावर मी बराच विचार केला. माझा फायदा होता. मला ते बरं वाटणं हवं होतं.

आपल्याकडे कोणी तडफडत असलं की आपण म्हणतो, “बघवत नाही.” या शब्दाकडे नीट पाहिलं, तर त्यात तडफडणारा कुठेच नाही. बघवत नाही ते मला, आणि त्रास थांबायला हवा तोही माझा. त्या शुक्रवारी मला नियॉन बघवत नव्हते म्हणून मी औषध ओतलं, आणि औषध ओतलं की पुन्हा बघायची गरज उरली नाही. पण अशा वेळी करायचं असतं ते नेमकं बघणंच. ठिपके सुटे आहेत की थर आहे? मासा दगडाला अंग घासतोय का? सगळेच आजारी आहेत की एकच? सगळेच असतील तर आधी पाण्यावर संशय घ्यायचा. कोण वर येऊन तोंड उघडतोय? गुरामी वर येतोच, त्याला हवेतून श्वास घेणारं वेगळं इंद्रिय असतं. नियॉन तसे वर येत असतील तर पाण्यात काहीतरी बिघडलंय. हे सगळं बघायला वीस मिनिटं लागली असती.

आता तुम्ही विचाराल, माशांसाठी एवढं? प्रश्न रास्त आहे. माशांना वेदना होतात का, यावर अजून वाद आहे. लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी 2003 साली रेनबो ट्राउटच्या ओठात अॅसिटिक अॅसिड टोचलं, तेव्हा ते मासे ओठ खड्यांवर घासू लागले. दुसरीकडे ब्रायन की यांनी 2016 साली लिहिलं, की वेदना जाणवण्यासाठी लागणारी मेंदूची रचनाच माशांत नाही. शिवाय मी मालवणची आहे. तळलेला बांगडा समोर आला की मला स्नेडनबाई आठवत नाहीत.

या विसंगतीचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. पण एक फरक मला दिसतो. समुद्रातला बांगडा पकडला जाईपर्यंत स्वतःचं आयुष्य जगतो. पाणी बिघडलं तर दुसरीकडे पोहत जातो. माझ्या नियॉनला जाण्यासारखं दुसरीकडे काही नव्हतंच. त्याचं पाणी, तापमान, खाणं, शेजारी, दिवस आणि रात्रसुद्धा मीच ठरवलेली. एखाद्याचं सगळं जग आपल्या हातात घेतलं, की ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची मुभा आपली आपणच घालवलेली असते. वेदनेचा वाद कोणीही जिंको, ही जबाबदारी तिथून येत नाही.

गुरामी आणि दोन नियॉन वाचले. वर्षभराने गुरामीचं पोट फुगलं आणि खवले बाहेर आले, पाइनच्या फळासारखे. याला ड्रॉप्सी म्हणतात, पण तो रोग नाही, लक्षण आहे. शरीरातलं पाणी बाहेर टाकता येत नाही, बऱ्याचदा मूत्रपिंडं निकामी होत आलेली असतात. खवले असे उभे राहिल्यावर मासा क्वचितच वाचतो.

आई तेव्हा पुण्याला आली होती. दोन दिवस तिने पाहिलं आणि म्हणाली, “अगं, काहीतरी कर ना. बघवत नाही.”

दुकानात माणसांच्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकायला सांगतात. कोणता जिवाणू आहे, मुळात जिवाणू आहे का, हे माहीत नसताना ते औषध पाण्यात आणि तिथून गटारात सोडायचं मला पटलं नाही. मी टेस्ट केली. पाणी नीट होतं. गुरामीला उथळ पाण्याच्या वेगळ्या डब्यात ठेवलं, म्हणजे वर यायला कष्ट पडणार नाहीत. रोज सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं समोर बसून फोनवर नोंदी केल्या. खाल्लं का, कुशीवर कलंडतो का, हवेसाठी वर येतो का. आईला वाटलं मी निर्दय झालेय. “नुसती बघत काय बसतेस?”

पाचव्या दिवशी तो वर येण्याचा प्रयत्न करायचा आणि अर्ध्यातून खाली बसायचा. गुरामीला वर येता येत नसेल तर तो हळूहळू गुदमरतो. त्या रात्री मी लवंगेचं तेल वापरलं. जास्त प्रमाणात दिलं की मासा आधी बेशुद्ध होतो आणि मग कल्ले थांबतात. ते थांबल्यावरही मी बराच वेळ तिथेच बसून होते.

हेसुद्धा ‘बघवत नाही’ म्हणूनच केलं का? त्या रात्री मी स्वतःला एक प्रश्न विचारला होता. हा डबा दुसऱ्या कोणाच्या घरी असता, मला बघावं लागत नसतं आणि फक्त या नोंदी माझ्यासमोर आल्या असत्या, तर मी हेच सांगितलं असतं का? नोंदी वाचून मला वाटलं, हो. पण त्या नोंदीही मीच लिहिल्या होत्या, त्यामुळे पुरती खात्री आजही नाही.

आई दुसऱ्या दिवशी परत गेली. निघताना टँकसमोर थांबली आणि उरलेल्या दोन नियॉनकडे बोट दाखवून म्हणाली, “हे दोघे नेहमी त्याच कोपऱ्यात असतात का गं?”

मला माहीत नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले.