मारेगावला निघण्याआधी

चि. बाळूस,


तुझं पत्र पोचलं. मंडळीने तुम्हाला मारेगाव तालुक्यात सेवेसाठी पाठवायचं ठरवलं हे वाचून ऊर भरून आला. आपल्या यवतमाळ जिल्ह्याचं पोर आपल्याच जिल्ह्यात राबायला निघालं, या वयात मला आणखी काय हवं? पण पत्रातली एक गोष्ट मनाला लागली, ती आधी बोलते. तुझ्या पाचारणावर तू पानंच्या पानं लिहिलीस. कोणत्या वचनातून ते आलं, कोणी कोणी प्रार्थना केली, पाळकसाहेब काय म्हणाले, सगळं आहे. सूनबाईबद्दल मात्र एवढंच, की ‘तिचीही तयारी आहे’. लेकरांचा तर उल्लेखही नाही. बाळू, नळाच्या रांगेत तिथे सूनबाई उभी राहणार आहे. नव्या शाळेत, अनोळखी पोरांत, लेकरं बसणार आहेत. त्यांना तू विचारलंस, की नुसतं सांगितलंस?

रेव्हरंड टिळकांची गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतो, पण अर्धीच. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला, आणि पुढे १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, इथे आपले शिक्षक थांबतात. उरलेली गोष्ट त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची आहे. त्या दिवशी त्या सोबत नव्हत्या. त्यानंतर काही वर्षं त्या नातेवाइकांच्या आधाराने, नवऱ्यापासून दूर राहिल्या. ती वर्षं कशी गेली हे ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. टिळकांबद्दल मला अपार आदर आहे, पण बायकोला मागे ठेवून ते पाऊल त्यांनी उचललं, हे मला कधी पटलं नाही. पटतं ते त्यानंतरचं. लक्ष्मीबाई पुन्हा त्यांच्याकडे आल्या तेव्हा आपलं सोवळं-ओवळं घेऊनच आल्या, आणि टिळकांनी त्यावर जबरदस्ती केली नाही. बाईंचं मन त्यांच्या त्यांच्या वाटेने, त्यांच्या वेळेने वळलं आणि १९०० साली त्यांनी आपणहून बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ काव्य अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. जिला ओढून आणलं असतं, तिच्या हातून हे झालं असतं, असं मला वाटत नाही.

तेव्हा सूनबाईला तिच्या वेळेने ठरवू दे. तिची नर्सची नोकरी सुटणार आहे, ही लहानसहान गोष्ट नाही. मला तर वाटतं, तिचं पाचारण तुझ्यासारखं नसेलच. तिथे तुझ्या प्रवचनाआधी तिचे हात कामी येतील. पण म्हणून घरच्या घरी दवाखाना थाटू नका. तिने रीतसर अर्ज करून सरकारी किंवा एखाद्या डॉक्टरच्या हाताखालची जागा धरावी. पगार तिचा, तो तिच्याच हाती राहू दे. आणि पोरांना पाहुण्यांपुढे उभं करून गीतं म्हणायला लावू नको. सेवकाची लेकरं म्हणून त्यांनी शहाण्यासारखं वागावं, असा धाक घालू नको. त्यांना मारेगावात पोरांसारखं खेळू दे, भांडू दे.

आता पोडावरचं. मारेगाव, झरी, केळापूर या पट्ट्यात कोलामांची पोडं, म्हणजे वस्त्या, आहेत. कातकरी आणि माडिया गोंडांबरोबर राज्यातल्या तीन अतिमागास आदिम जमातींत सरकारने कोलामांना धरलंय, पण तू तिथे कागदावरचा तो शब्द डोक्यात घेऊन जाऊ नको. त्यांची बोली आपल्या मराठीची नाही, ती तेलुगू-गोंडीच्या कुळातली. त्यांचे देव आहेत, त्यांचे सण आहेत, पोडाचा नाईक आहे. पोडावर पहिल्यांदा जाशील तेव्हा आधी नाईकाकडे जा. आपण कोण, कोणत्या मंडळीचे, कशाला आलो, हे उघड सांग. लपवण्यासारखं आपल्याकडे काही नाही. पहिलं वर्ष बोली शिकण्यात घालव. मंडळीला अहवालात लिहायला काही नसलं तरी चालेल, मी बोलेन त्यांच्याशी.

एक गोष्ट मात्र काळजावर कोरून घे. औषधाच्या गोळीबरोबर पत्रिका देऊ नको. धान्याच्या पिशवीबरोबर उपासनेचं आमंत्रण देऊ नको. घटनेच्या २५ व्या कलमाने आपला धर्म पाळण्याचा आणि सांगण्याचा हक्क सगळ्यांना दिलाय. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने हेही म्हटलंय की सांगण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. पण मी कायद्याच्या भीतीने सांगत नाही. ज्याचं पोर तापाने फणफणलंय तो आपल्याला ‘नाही’ म्हणू शकत नाही, आणि ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या ‘हो’ला प्रभूपुढे काय किंमत? कोणी विचारलं तर मोकळेपणाने सांग, आपण कोणावर विश्वास ठेवतो ते. नाही विचारलं तर त्याच्या पऱ्हाटीची चौकशी कर आणि घरी ये.

पऱ्हाटीवरून सांगते. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. पऱ्हाटी माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढली होती, फवारा तोंडावर, छातीवर येत होता, आणि अंगात होता तो नुसता भिजलेला सदरा. तू आणि सूनबाई पावसाळ्यात एवढं जरी शिकवलंत तरी मोठी सेवा झाली: समोरून येणाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून फवारू नये, उपाशीपोटी फवारू नये, दोन औषधं आपल्या मनाने मिसळू नयेत, हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच. कोणाला मळमळ, घाम, डोळ्यांना अंधारी, तोंडाला लाळ सुरू झाली तर आधी अंगावरचे कपडे काढा, साबणाने अंग धुवा, उलटी करवण्याच्या भानगडीत पडू नका. आणि औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. डबा विसरू नका. कोणतं विष आहे ते डॉक्टरला त्यावरूनच कळतं. मारेगावच्या दवाखान्यात भागलं नाही तर यवतमाळचं मेडिकल कॉलेज. रात्री गाडी कोणाची मिळते, त्याचा नंबर काय, हे पोचल्याच्या पहिल्या आठवड्यात लिहून ठेव.

दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी लागते. सूनबाईला वाटलं तर तिने बायांबरोबर एखादा दिवस जावं. बोंडाची सुकलेली टोकं नखाच्या कडेला शिरतात, संध्याकाळी हात पाण्यात घालवत नाहीत. वजनावर मजुरी मिळते, म्हणून बाया पाठ सरळ करायलाही थांबत नाहीत. त्यांचं बोलणं तिथेच ऐकू येईल, घरी पाहुणी म्हणून गेल्यावर नाही. आणि त्या बायांचा फोटो काढू नका. कोणाच्याच दुःखाचा काढू नका, देणगी कितीही अडली तरी.

आपल्या यवतमाळात १९५३ पासून सेमिनरी होती, देशभरातून पोरं शिकायला यायची. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. मोठ्या संस्था येतात, जातात. मागे राहतात ती घरं. म्हणून तुमच्या घराची मला एवढी काळजी.

घर मारेगावातच घ्या, पोडावर नको. पोरांची शाळा, सूनबाईचं काम, एस.टी., सगळं हाताशी राहील. आठवड्यातला एक दिवस दार लावून घरच्यांपुरता ठेवा. आणि भाडं ठरवण्याआधी मे महिन्यात चौघं जण जाऊन चार दिवस राहून या. पाण्याचं खरं रूप उन्हाळ्यातच कळतं. परत आल्यावर सूनबाईला मला फोन करू दे, तू जवळ नसताना. ती ‘हो’ म्हणाली तर जूनमध्ये शाळेचे दाखले काढा. ‘अजून नाही’ म्हणाली तर मंडळीला मी सांगते. तू संकोच करू नको आणि तिच्याशी तोंड फुगवून बसू नको.

तुझी,
आत्या