फ्रेशर म्हणे!

ती फाइल ठेव खाली आणि आधी सरळ उभा राहा. गुरुवारी मुलाखत आहे ना तुझी, जालन्याला, बियाणे कंपनीत? मग हे काय खरडून आणलंस? छंद: वाचन आणि क्रिकेट. वडिलांचा व्यवसाय: अॅग्री बिझनेस. अनुभव: फ्रेशर.

फ्रेशर म्हणे! शाळेला दांड्या मारून शेडनेटमध्ये क्रॉसिंगला जायचास, तेव्हा तुझ्या बापाला बोलावून मीच झापलं होतं. तो अनुभव काय पूर्णेला वाहून गेला? आणि दहा गुंठ्यांच्या शेडनेटला अॅग्री बिझनेस म्हणतोस, शेती म्हणायला जीभ झडते का?

मघाशी 'स्वतःबद्दल सांग' म्हटलं, तर मोबाइलवरचं पाठ केलेलं इंग्रजी धडाधड ओकलास. 'हार्डवर्किंग म्हणजे नेमकं काय केलंस?' एवढंच मध्ये विचारलं, तर गाडी बंद. समोरच्या साहेबाने तेच वाक्य सकाळपासून प्रत्येक पोराच्या तोंडून ऐकलेलं असणार. तुझंही ऐकेल आणि घड्याळाकडे बघेल.

तुला काय येतं ते मी सांगू? टोमॅटोची उद्या उमलणारी कळी आज दुपारीच ओळखता येते तुला. चिमट्याने ती उघडून पुंकेसर काढायचे, आतल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचा पराग लावायचा आणि खूण म्हणून फुलाखालची हिरवी पाती खुडायची. तुझी आई हे बोलता बोलता करते. मादीच्या ओळीत भेसळीची झाडं राहिली, लॉट जीओटीत, म्हणजे शुद्धतेच्या चाचणीत, नापास झाला, की घरात काय होतं ते तू पाहिलंयस. वर्षाचा हिशेब बोंबलतो. आणि कोणता फील्ड ऑफिसर वाकून प्लॉटमध्ये शिरतो, कोणता बांधावरूनच फोटो काढून पसार होतो, हे तुमच्या घरी चहा टाकायच्या आधीच कळतं. अरे, त्याच जागेसाठी चाललायस ना? शहरातल्या पोराला हे शिकवायला कंपनीचा एक हंगाम जाईल. आणि तू ते लपवून 'टीम प्लेअर' म्हणून मिरवतोस!

बरं, पुस्तकी तरी धड असावं. सोयाबीनची किमान उगवण किती, विचारलं. 'चांगली असायला हवी, सर.' ७० टक्के, महाराज, ७०! ओल्या गोणपाटात १०० दाणे घालून मोजायला पदवी लागत नाही. महिको बियाणे कंपनीची स्थापना कधीची, तर छताकडे बघितलंस. १९६४. बद्रीनारायण बारवाले या माणसाने भेंडीच्या 'पुसा सावनी'पासून सुरुवात केली आणि १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार जालन्यात आणला. ज्या गावात बियाण्याची नोकरी मागायला निघालास, तिथला हा इतिहास तुला ठाऊक नसेल, तर त्यांनी तुला का घ्यावं?

इंग्रजीची भीती वाटते म्हणे. यूपीएससीची मुलाखतसुद्धा मराठीतून देता येते, तिथे २७५ गुण असतात. इंग्रजीत विचारलं, तर येईल तेवढं इंग्रजीत बोल, अडलं की सरळ मराठीत ये. तुला उद्या टेंभुर्णीच्या नाहीतर माहोऱ्याच्या शेतकऱ्याला समजवायचंय, लंडनच्या नाही.

आणि लायसन्स? दहावीपासून मोटारसायकल उडवतोस, पण लायसन्स नाही! प्लॉट-प्लॉट काय एसटीने फिरणार आहेस? आज शिकाऊ काढलंस तरी पक्क्यासाठी ३० दिवस थांबावं लागतं. तेव्हा विचारलं तर थाप मारू नकोस, शिकाऊची पावती दाखव. मूळ कागद वेगळे, झेरॉक्स वेगळ्या ठेव. बुधवारी संध्याकाळीच मावशीकडे जालन्याला मुक्कामाला जा. सकाळच्या एसटीच्या भरवशावर राहशील, तर ती मधेच कुठेतरी पंक्चर व्हायची.

ते छंद आधी खोड. त्या जागी लिही: टोमॅटो बीजोत्पादनात घरच्या शेडनेटमध्ये प्रत्यक्ष काम. किती हंगाम, कोणतं पीक, किती बी निघालं, जीओटीत काय झालं, सगळं आईला विचारून लिही. ती सांगेल तो आकडा घाल, फुगवू नकोस. उद्या संध्याकाळी ये, मी साहेब होऊन बसतो. आणि येताना दाढी करून ये.