अदृश्य माणूस दिसला तर?

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या २०१४ सालच्या नियमपुस्तकात अदृश्य होण्याबद्दल मोजकीच कलमं आहेत. एक सांगतं, की जादू किंवा खास इंद्रिय असल्याशिवाय असा माणूस कुणाला दिसत नाही. दुसरं सांगतं, की त्याच्यावर वार करणाऱ्याने वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून लहान आकडा धरायचा. तो स्वतः वार करील तेव्हा मोठा. आता समोरच्याकडे अदृश्य गोष्टी दिसण्याचाच मंत्र असेल तर? त्याला तो लख्ख दिसतोय. तरीही फासा दोनदा?

शुक्रवार पेठेत आमच्या माडीवर पुतण्याची टोळी रविवारी हा खेळ मांडते. पटावरचे शेंगदाणे म्हणजे राक्षस. जो मारील त्याने खायचा. या प्रश्नावर मात्र तासभर एकही शेंगदाणा कमी झाला नाही. वकिली शिकणारा एक जण म्हणाला, “कलमं वेगवेगळी आहेत. दुसऱ्यात ‘दिसत नसेल तर’ असं कुठं लिहिलंय?” मंत्रवाली मुलगी तडकली, “अरे, पण मला दिसतोय ना तो!” पुतण्या पंच. त्याने मोबाइल काढला. खेळाचे तेव्हाचे प्रमुख नियमकार जेरेमी क्रॉफर्ड यांनी निकाल कधीच देऊन ठेवला होता: शब्दाप्रमाणे दुसरं कलम स्वतंत्र आहे, दिसला तरी फासा दोनदा. वाद मिटला. पटलं कुणालाच नाही; जिंकलेल्या वकिलालाही नसावं.

नियम अडला की विचारायचं कुणाला, याचं उत्तर या खेळाच्या घराण्यात सारखं बदलत आलं आहे. घराणं मूळचं प्रशियाचं. १८२४ साली राइसविट्झ नावाच्या तरुण लेफ्टनंटने लष्करासाठी युद्धाचा पटखेळ सिद्ध केला. त्यात पंच होता, पण कोष्टकं आणि फासे यांनी त्याचे हात बांधलेले. १८७६मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने कोष्टकं बाजूला सारली. लढाया पाहिलेला माणूस पंच आहे ना, मग त्यालाच ठरवू द्या.

पुढे १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ म्हणून तीन पातळ पुस्तिकांची पेटी काढली. पहिली छपाई हजार प्रतींची. मजकूर इतका तुटक, की लढाईसाठी वाचकाने आणखी एक जुनं नियमपुस्तक जवळ बाळगावं अशी अपेक्षा. अडलं तर तुमचं तुम्ही ठरवा, असं लेखकच सांगत. लोकांनी ठरवलंही, आणि गावागणिक खेळ वेगळा झाला. मग स्पर्धा वाढल्या, तसा गायगॅक्स यांचाच सूर फिरला: सगळीकडे नियम एकच हवेत. १९७९मध्ये ‘ड्रॅगन’ मासिकात शंकानिरसनाचं सदर सुरू झालं. २०००च्या आवृत्तीने जवळजवळ प्रत्येक प्रसंगाला नियम पुरवायचा चंग बांधला. त्याला कंटाळून २००८ साली मॅट फिंच यांनी पुस्तिका लिहिली, की पंचाचा विवेक परत आणा. म्हणजे पुन्हा १८७६.

या साऱ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते: लेखक हयात आहे, तर त्याला विचारून टाकावं. वेदातल्या विधींचा अर्थ लावणाऱ्या आपल्या मीमांसकांना ही सोय नव्हती. वेद अपौरुषेय मानला, तिथे विचारणार कुणाला? त्यामुळे त्यांना वाचायची शिस्त घडवावी लागली, आणि मला ती या सगळ्या सदरांपेक्षा सरस वाटते. एका ठिकाणी इंद्राची ऋचा म्हणून गार्हपत्य अग्नीची उपासना करावी, असा विधी आहे. ऋचेत इंद्र आहे म्हणून उपासना इंद्राची समजायची का? नाही. विधीत अग्नीचं नाव स्वच्छ आलंय, ती श्रुती. ऋचेतून सुचतं ते लिंग. श्रुती बलवत्तर. आमचा वकील इथे खूश होईल.

पण त्यांचंच दुसरं म्हणणं असं, की नियमाचं दिसणारं प्रयोजन हाती लागत असेल तर न दिसणारं कल्पू नये. साळी कांडायच्या त्या तूस निघावं म्हणून. एका इष्टीत धान्याऐवजी कृष्णल, म्हणजे सोन्याचे बारीक तुकडे, शिजवायला सांगितले आहेत. तेही कांडायचे का? सोन्याला तूस नाही, कांडणं गळालं. दोनदा फासा टाकायचा तो माणूस दिसत नाही म्हणून. दिसतोय म्हटल्यावर ते कलम कशाच्या आधारावर उभं राहणार? मुलीची बाजू यापेक्षा नेटकी मला मांडता येणार नाही. गंमत म्हणजे २०२४च्या सुधारित नियमांत मजकूरच बदलला: ज्याला तुम्ही दिसता, त्याच्याविरुद्ध तुम्हाला हा फायदा नाही.

मग ज्या पटांवर दहा वर्षं उलट निकाल चालला, ते चुकले? मला तसं वाटत नाही. एकाच शब्दाचे दोन अर्थ आपापल्या जागी चालल्याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. सोलापूरहून उमरग्याच्या रस्त्याने पुढे गेलं की बसवकल्याण लागतं, चालुक्यांचं कल्याण. सहाव्या विक्रमादित्याच्या काळात तिथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली. ‘सपिंड’ म्हणजे एकाच शरीराचे अंश ज्यांच्यात उतरले ते, असा अर्थ त्याने लावला. बंगालच्या जीमूतवाहनाने ‘दायभागा’त तोच शब्द पिंडदानाशी जोडला. वारसांची रांग बदलली. स्मृतिकारांना कोण विचारणार? १८१०मध्ये कोलब्रुकने दोन्हींची इंग्रजी भाषांतरं छापली. याज्ञवल्क्याच्या मनात काय होतं, हे खणत बसण्याऐवजी इंग्रजी अमदानीतली न्यायालयं आधी विचारत, की हे कुटुंब मिताक्षरेचं की दायभागाचं. मिताक्षरेचं कुटुंब बंगालात जाऊन राहिलं, तरी त्याने आपली रीत सोडल्याचं सिद्ध होईपर्यंत त्याच्या वाटण्या मिताक्षरेप्रमाणेच होत.