दैव, प्रयत्न आणि लाइफ जॅकेट

आयुष्याची दोरी देवाच्या हाती आहे असे मानणाऱ्याने समुद्रात जाताना लाइफ जॅकेट घालावे का? घातले तर श्रद्धा उणी पडली असे होते का? गोव्यातील हरमलसारख्या किनारी गावात हा प्रश्न पोथीपुरता उरत नाही. येथे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देणारे हिंदू आहेत आणि माउंट कार्मेल मातेच्या चर्चला जाणारे ख्रिस्तीही. या किनारपट्टीवर होड्या जाळी टाकायला जातात, तशा पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला आणि हौसेने गळ टाकायलाही नेतात. अशा होडीत प्रत्येकाच्या मापाचे जॅकेट, दोर बांधलेले रबरी कडे, आग विझवायचे नळकांडे, नांगर, पाणी उपसायचे भांडे, शिट्टी, विजेरी आणि मदत मागण्याचे काही साधन असावे. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांकही पाठ असावा.

दैव मोठे की प्रयत्न, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव त्यात आहे, पण पाचवे. आणि करण, म्हणजे साधन, हेही त्याच यादीत स्वतंत्रपणे मोजलेले आहे. याज्ञवल्क्यस्मृती एका चाकाने रथ चालत नाही असा दाखला देऊन दैवाला पुरुषप्रयत्नाची जोड मागते. योगवासिष्ठ त्याही पुढे जाते: दैव म्हणजे पूर्वी केलेला आपलाच प्रयत्न.

सर्वांत रोखठोक युक्तिवाद मात्र वैद्याचा आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात विचारले आहे की प्रत्येकाचे आयुष्य आधीच ठरलेले असेल तर औषधे कशाला, आणि पिसाळलेला हत्ती, कडे किंवा पाण्याचे जोरदार ओघ टाळायचे तरी कशाला? माणसे ते टाळतात, याचाच अर्थ नियत आयुष्यावरचा त्यांचा विश्वास बोलण्यापुरता असतो. ख्रिस्ती परंपरेतही हीच समज दिसते. मंदिराच्या टोकावरून उडी घे, देवदूत झेलतील, असे सैतानाने म्हटल्यावर येशूने नकार दिला, कारण देवाची परीक्षा पाहायची नसते.

जॅकेट घालणे म्हणजे देवावर अविश्वास, हा आक्षेप कोकण-गोव्याच्या होडीकडे पाहिले तरी टिकत नाही. होडीच्या एका बाजूला आडव्या दांड्यांनी जोडलेली उलांडी असते. लाटेवर होडी कलंडू नये म्हणूनच ती लावलेली असते. उलांडी लावल्याने दर्याचा किंवा देवाचा अपमान होतो असे कोणी म्हटलेले नाही, आणि नारळ दिला म्हणून कोणी उलांडी काढूनही ठेवत नाही. सावधगिरी वाडवडिलांच्या होडीतच बांधलेली आहे. जॅकेट फक्त नवीन असल्यामुळे परके वाटते.

पर्यटक होडीत बसला की प्रश्नाचे स्वरूपच बदलते. स्वतःचा जीव देवाच्या हवाली करण्याची मुभा एखाद्या भक्ताला देता येईल. पैसे देऊन आलेल्या, बहुधा पोहता न येणाऱ्या माणसाचा जीव त्याच्या संमतीवाचून हवाली करण्याचा अधिकार कोणालाही नाही. कायद्याने साधने सक्तीची करण्यामागचे नैतिक बळ येथे आहे. उकडते किंवा फोटो बिघडतो म्हणून जॅकेट काढणाऱ्या पर्यटकाशीही तडजोड नको, कारण तो पाण्यात पडला तर त्याच्यामागे उडी तांडेलालाच, म्हणजे होडी चालवणाऱ्यालाच, मारावी लागते.

साधनांनी दैव संपत नाही, हेही खरे. डिसेंबर 2017 मध्ये ओखी वादळ दूर समुद्रात असतानाच हरमलच्याच पेडणे तालुक्यात किनाऱ्यावरील शॅकमध्ये पाणी घुसले होते. अशा दिवशी जॅकेटच्या भरवशावर होडी काढणे म्हणजे जॅकेटलाच देव मानणे. हवामानाचा इशारा असेल तर किनारा सोडायचाच नाही.

25 डिसेंबर 2024 रोजी कळंगुटजवळ पर्यटकांची होडी उलटून एकाचा मृत्यू झाला आणि वीस जण वाचवले गेले. त्या वेळच्या बातम्यांनुसार दोघे सोडून बाकीच्यांच्या अंगात जॅकेट होते. म्हणून नारळ जरूर द्यावा, मेणबत्तीही लावावी, पण होडी पाण्यात ढकलण्याआधी प्रत्येकाच्या जॅकेटचे पट्टे आवळून पाहावेत. उलटलेल्या होडीच्या फळीखालून जॅकेट काढता येत नाही.