दोन 'बा'

आमच्या सातारा भागात खेड्यापाड्यांत बापाला 'बा' म्हणतात. 'बा आला का रं रानातनं?' हे वाक्य ऐकतच मी वाढलो. त्यामुळे जतच्या एसटी स्टँडावर एका बाईनं मागं रेंगाळणाऱ्या पोराला 'बा मगा, बा' अशी हाक मारली तेव्हा माझे कान टवकारले. जत तालुका सांगली जिल्ह्यातला, पण त्याच्या पूर्वेकडच्या कितीतरी घरांत कन्नड बोलतात. कन्नडात 'बा' म्हणजे ये आणि 'मग' म्हणजे मुलगा. पोरगं धावत आलं, आईचा पदर धरला आणि शेंगावाल्याला मराठीत म्हणालं, 'दहाच्या द्या, गरम हायत नव्हं?'

दोन्ही 'बा' कानाला एकच, पण त्यांचं नातं काहीच नाही. आपला बा बापातला. कन्नडचा बा हा तमिळ 'वा'चा सख्खा भाऊ. तमिळ शब्दाच्या सुरुवातीला जिथं व असतो तिथं कन्नडात पुष्कळदा ब सापडतो: चांदीला तिकडं 'वेळ्ळि', इकडं 'बेळ्ळि', किमतीला तिकडं 'विलै', इकडं 'बेले'. एका शब्दावर विसंबायचं नसतं, अशी रांगच्या रांग लागली की मग बोलायचं.

अडकित्त्याची गोष्ट वेगळी. कन्नडात 'अडके' म्हणजे सुपारी. मराठीत सुपारीला अडके कुणी म्हणत नाही, तरी ती कातरायच्या हत्याराच्या नावात ती बसलेली आहे. हा शब्द कन्नडातून आपल्याकडं आला, हे त्याच्या पोटातच लिहिलेलं आहे. अशी उसनवारी सापडली की मला फार आनंद होतो. शेकडो वर्षं दोन घरं एकमेकांच्या पानाच्या चंचीत हात घालत होती, त्याचा तो पुरावा.

पण १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून सीमाभागात शब्दांनाही साक्षीला उभं करतात. सारखे वाटणारे दोन शब्द शेजारी ठेवायचे आणि कोणती भाषा आधीची, गाव कुणाचं, हे ठरवून मोकळं व्हायचं. याचा मला मनापासून राग येतो. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबरम भाषेत कुत्र्याला जवळपास 'डॉग'च म्हणत; इंग्रजीशी त्या शब्दाचा काडीचाही संबंध नव्हता. आवाज जुळला एवढ्यावर सोयरीक ठरवणं हा दोन्ही भाषांवर अन्याय आहे.

सांगलीची गाडी लागली. बाईनं पायरीवरून पुन्हा हाक दिली, 'बा, बा!' बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं चटकन मान वर केली, आणि पोरगं शेंगा सांभाळत गाडीकडं पळालं.