ताटाचा भाव आणि मोरीतला माणूस

ताट दहा रुपयांनी महागलं की पहिली शिवी गल्ल्यावर बसलेल्याला. लुटतोय साला! आणि कुणी स्वस्तात पोटभर घालत असेल तर तो देवमाणूस. आपली नीती इतकी सोपी झालीय. स्वस्त ते पुण्य, महाग ते पाप. मित्रांनो, हे एकदा तपासलं पाहिजे. स्वस्ताई आभाळातून पडत नाही. कुणाच्या तरी अंगातून ती काढलेली असते.

छोट्या खाणावळीचा हिशोब मांडू. समजा, जागेचं भाडं महिना 30,000. रोज 100 ताटं, म्हणजे महिन्याला 3,000. एका ताटावर भाड्याचेच 10 रुपये बसले. अजून डाळ शिजायचीय. गिऱ्हाईक निम्मं झालं तर तेच भाडं ताटामागं 20 रुपये होतं. मालक तोच, डाळ तीच, भाव मात्र चढला. पावसात माणूस फिरकला नाही म्हणून जागेवाला भाडं सोडत नाही. रात्री उरलेला भात टाकला, त्याचे पैसे उद्याच्या ताटातच घालावे लागतात. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर धंद्याला चालत नाही, 19 किलोचा व्यापारी घ्यावा लागतो. मोबाईलवरून कुणी मागवलं तर मधली कंपनी आपला वाटा आधी कापून घेते. बड्या साखळी हॉटेलवाल्याचं निराळं. तो ट्रकनं तांदूळ घेतो, एका दुकानाचा तोटा दुसऱ्यावर फिरवतो. छोट्याकडं फिरवायला दुसरं दुकानच नाही.

भाडं कमी होत नाही, गॅस कमी होत नाही, तेल कमी होत नाही. मग कमी काय होतं? माणूस.

समजा तीन कामगार. आचारी, वाढपी, मोरीवाला. प्रत्येकी 15,000 दिले तर 45,000, ताटामागं 15 रुपये. त्यांनाच 8,000 वर राबवलं तर 24,000, ताटामागं 8 रुपये. ताट 7 रुपयांनी स्वस्त! हे 7 रुपये मालकानं दिले नाहीत. मोरीत दिवसभर ओल्या पायांनी उभा असलेल्या पोरानं दिले, आणि आपण ते खाऊन ढेकर दिला. मग त्याच तोंडानं सभेत किमान वेतनावर बोललो. चौदा वर्षांखालच्या पोरांना हॉटेलात, ढाब्यावर राबवायला 10 ऑक्टोबर 2006 पासून कायद्यानं बंदी आली. कायदा यावा लागला, कारण आपण सगळे ‘ए पोऱ्या’ म्हणून हाक मारत होतो आणि चहा स्वस्त पडत होता.

काही ठिकाणी तर मजुरी हिशोबात धरलेलीच नसते. गिरणगावात हजारो कामगार महिनेवारी खाणावळीत जेवले. भाकऱ्या थापणाऱ्या त्या बायांच्या पहाटेला कुणी भाव लावला? वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज, सगळं त्या ताटात शिजत होतं. तिचे स्वतःचे हात तेवढे फुकट. 1975 साली प्रेमा पुरव यांनी या बायांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, ते याचसाठी. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार थांबला, तशी खाणावळवालीची येणी पण थांबली. संपाच्या इतिहासात पुढारी आहेत. तिची बुडालेली वही नाही.

आता जातीकडं या. जात भावात कशी शिरते? मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात पगार जास्त होता आणि तिथं आपल्या माणसाला मज्जाव होता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, विटाळ होईल! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. विटाळानं मजुरी ठरवली होती. मग हॉटेलात भटारखान्यात कोण आणि उष्ट्या ताटांपाशी कोण, आणि दोघांच्या पगारात फरक का, हे विचारायला नको?

गिऱ्हाइकाचंही तेच. कोल्हापुरात गंगाराम कांबळेंनी चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? खुद्द शाहू महाराज तिथं थांबून चहा पीत आणि बरोबरच्यांनाही पाजत. राजानं कप तोंडाला लावला तेव्हा बाकीचे आले. पण प्रत्येक गंगारामाला शाहू कुठून मिळणार? वरचा हिशोब आठवा. पाटीवर आडनाव वाचून निम्मं गिऱ्हाईक पुढं गेलं तर भाडं 10 चं 20 होतं. म्हणजे जात त्याच्याकडून ताटामागं 10 रुपये वसूल करते. संविधानाच्या 15 व्या कलमानं हॉटेलाचं दार उघडलं. आत बसायचा हक्क मिळाला. पण आपल्या माणसाच्या हॉटेलात दुसऱ्यानं येऊन बसावं, हे कुठलं कलम करील?

आणि आपण तरी काय करतो? आपल्या माणसाचं हॉटेल म्हणून ‘जयभीम’ घालायचा आणि चार चहा उधार सांगायचे. शेजारच्या हॉटेलात मात्र रोख मोजायचे, वर टीप ठेवायची. ही कसली चळवळ? जयभीम हे नाणं नव्हे, त्यानं गॅसचा सिलिंडर येत नाही.

कुणी म्हणेल, शहाण्या, नाक्यावरच्या बिगारी माणसानं शंभराचं ताट कुठून खायचं? प्रश्न रास्त आहे. भुकेला पुरा भाव मागणं हा गुन्हाच आहे. पण गरिबाची भूक दुसऱ्या गरिबाच्या पगारातून भागवायची, हा न्याय नव्हे. 26 जानेवारी 2020 ला शिवभोजन थाळी सुरू झाली. जेवणाऱ्यानं 10 रुपये द्यायचे, पण सरकारनं थाळीची किंमत शहरात 50 आणि खेड्यात 35 रुपये धरली होती. बाकीचे तिजोरीतून. म्हणजे सरकारनंच कबूल केलं की दहा रुपयांत ताट होत नाही, उरलेलं कुणीतरी भरतं. ते सगळ्यांच्या तिजोरीनं उघडपणे भरावं. मोरीतल्या पोरानं गुपचूप नव्हे.

याचा अर्थ महाग ते न्यायाचं, असाही नाही. ताटाला दोनशे घेऊन पोराला आठ हजारांवर ठेवणारे पुष्कळ आहेत. भाव वाढल्यानं मजुरी आपोआप वाढत नाही. म्हणून नुसता भाव विचारून भागणार नाही, त्या भावाची फोड विचारली पाहिजे.

तथागताच्या अष्टांग मार्गात सम्यक आजीविका आहे. आपण ती फक्त कमावणाऱ्याला लावतो. मला वाटतं ती खर्च करणाऱ्यालाही लागू आहे. दुसऱ्याला न लुबाडता जसं कमवायचं, तसंच दुसऱ्याला न लुबाडता जेवायचं.

तेव्हा दोस्तांनो, पुढच्या वेळी भावावरून भांडायचं तर जरूर भांडा. पण आधी उठून मोरीपाशी जा. तिथं उभ्या माणसाला दादा म्हणा, मावशी म्हणा, आणि विचारा, पगार किती मिळतो? सुट्टी मिळते का? मग गल्ल्यावर या आणि भांडा. आणि हॉटेल आपल्या माणसाचं असेल तर मागची उधारी आधी चुकती करा.